गुहागरचे शिंपले

मेल्यावर शिंपल्याचं काय होतं, हा अश्लेषाच्या पीएचडीचा विषय. दोन वर्षांपूर्वी तिने गुहागरला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चारशे रिकामे शिंपले जाळीच्या पिशव्यांत बांधले होते. दर सहा महिन्यांनी लखनौहून जाऊन ती शंभर काढून आणी. आधी चकाकी जायची, मग रंग. किडे भोकं पाडायचे, लाटा फुटक्या कडा गुळगुळीत करायच्या. शेवटचे शंभर गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर ट्रेमध्ये मांडलेले होते.

तिचा नवरा विजय त्या दिवशी बँकेतून दुपारीच आला. त्याची नाशिकला बदली पुन्हा नाकारली होती.

"पुन्हा ही घाण?"

"हात लावू नकोस, विजय. मोजायचे आहेत."

त्याने ट्रे भिंतीवर आपटला. मग स्वयंपाकघरातून खलातला बत्ता आणला आणि फरशीवर बसून एकेक शिंपला ठेचू लागला. तिने मनगट धरलं. त्याने डाव्या हाताने तोंडावर असा तडाखा दिला, की पुढचा दात तुटला.

एरवी ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घ्यायची. आज तिने त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. बत्ता निसटला, तो तिने उचलला. त्याने केस धरून तिला फरफटवलं, तेव्हा तिने सगळा जीव एकवटून त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

तो चुऱ्यात कोसळला. तिने बत्ता पुन्हा उगारला, या वेळी डोक्यावर. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं, अगदी ती झाकायची तसं. तिचा हात वरच राहिला. मग बत्ता बाल्कनीत भिरकावून तिने दार उघडलं. आवाज ऐकून शेजारच्या मिश्राआंटी आल्याच होत्या.

"आंटी, एम्बुलेंस बुलाइए. और पुलिस भी."

पोलीस आले तेव्हा ती फरशीवर तुकडे निवडत होती. धारदार कडांचे आजचे, गोल कडांचे समुद्राचे.

"मैडम, खून बह रहा है आपका," महिला शिपाई म्हणाली.

"हाँ, बस दो मिनट."

एकसष्ट नमुने वाचले. महिन्याभरात तिने लखनौतच निशातगंजला वेगळी खोली घेतली. प्रबंधात लिहिलं: एकोणचाळीस नमुने पतीने फोडले.

"'अपघाताने फुटले' लिहा हो," मार्गदर्शक मधुकर सर दबकत म्हणाले. "उगीच चर्चा होईल."

"होऊ द्या, सर," ती म्हणाली आणि पान उलटलं.