अमडापूरच्या कौलांवरची दाढ

मी एक जुनी दाढ आहे. सध्या अमडापुरात एका कौलारू छपरावर राहते. मित्रांनो, दाढ छपरावर कशी, ते सांगतेच. पडून पडून कंटाळा आलाय, पण दुसरं काही करता येत नाही.

माझा जन्म झुंबरबाईच्या तोंडात, खालच्या जबड्यात झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कारभार नागपूरहून चाले. ज्वारीची भाकर मात्र मलाच दळावी लागे. तीस वर्षं दळली. कौतुक एकदाच झालं. तिने माझ्यावर सुपारी फोडली तेव्हा नवरा पुंजाजी म्हणाला, "दाढ हाये का अडकित्ता?" तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

झुंबरबाई आठवडी बाजारात गूळ विकायची. गिऱ्हाइकाला चवीला खडा द्यायची आणि त्याची खात्री पटावी म्हणून एक स्वतः खायची. तो खडा मग माझ्या नि गालाच्या मध्ये मुक्कामाला. गुळाचा चिकट थर बसे, त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू आंबट रस करत, आणि तो रस माझं कवच झिजवी. चूळ भरायला तिला सवड नसे. दात ती मशेरीने घासायची, तेही समोरचे, गिऱ्हाइकाला दिसणारे. मागे आम्हा दाढांपाशी घाण साचून दगडासारखी झाली. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. रक्त येतं म्हणून चुकूनमाकून जाणारं बोटही तिने तिकडे न्यायचं सोडलं. मग हिरड्यांची पकड सुटत गेली.

शेवटी मला भोक पडलं. ठणका कानापर्यंत गेला.

"किडा हाये त्यात," शेजारची कौशल्याबाई म्हणाली. तिने तापल्या तव्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकल्या आणि नळीने धूर तोंडात सोडला. तोंडाखाली धरलेल्या वाडग्यातल्या पाण्यात पांढरं काहीतरी पडलं. "पाय, किडे!" मित्रांनो, ते बियांचे फुटलेले तुकडे होते. किडा असता तर मला निदान सोबत तरी झाली असती.

ठणका थांबला नाही. झुंबरबाई चिखलीला दवाखान्यात गेली. तिथे कंपाउंडर गुलाम रसूल होते.

"माही सासू सोजराबाईचे दात गेले, थे भाकर पान्यात कालवून खाते," ती रडवेली होऊन म्हणाली. "मले बी तसंच खा लागते का आता?"

"ही दाढ गेली, बाई. बाजूचीले डाग पडला हाये, पन ते वाचते." त्यांनी मला उपटलं, बाकीच्यांवरचा दगड खरवडला. "मशेरी बंद. मागच्या दाढा बी घासा, हिरडीवरून हळू, रक्त आलं तरी. गूळ खाल्ला की चूळ भरा."

"अन् गिऱ्हाइकाले खात्री कोन देईन?"

"त्याले बी दात हायेत ना!"

घरी येऊन झुंबरबाईने मला छपरावर फेकलं आणि लहान पोरांसारखी उंदराकडे नवा दात मागितला.

"या वयात येते का वं?" पुंजाजी म्हणाला.

"तुमाले काय करा लागते? मागून तर पायते!"

उंदीर आला. मला हुंगलं. शेपटी फिरवून गेला.

आता झुंबरबाई रोज सकाळी अंगणात कडुलिंबाची काडी चावते आणि ती पार मागपर्यंत फिरवते. पहिले काही दिवस थुंकीत लाल दिसे. हल्ली दिसत नाही. मित्रांनो, कुणाला दिसत नाही तिथेही काडी फिरवत जा. आम्ही मागे असतो, बोलत नाही. बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

काल तिने अंगणात बसून कोरडी भाकर खाल्ली. डाग पडलेली माझी शेजारीण दाढ चावत होती. आवाज कौलांपर्यंत आला.