दसऱ्यापर्यंत अनवाणी

वाढणाऱ्याच्या तोंडाकडं न बघता ताट पुढं सरकवणाऱ्या माणसाचा वच्छलाबाईंना तिटकारा होता, आणि नेमका असा माणूस त्यांच्याच लेकाच्या पोटी जन्मला होता. नानासाहेब. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, बोर्डिंगातल्या पोरांचा म्होरक्या होता, आणि चालणं असं की शहागंजातल्या घड्याळाचा मनोरा जणू यानंच हातानं रचला. गरम भाकरी पडली तरी मान वर नाही, वरण सांडलं तरी मान वर नाही. "मानेला तुझ्या गाठ आलीय का रं?" असं बाईंनी एकदा भर पंगतीत विचारलं होतं. पोरं हसली. नानासाहेबानं तेवढ्यापुरती मान वर केली, आणि हसलेली तोंडं मोजून ठेवली.

पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी हे बोर्डिंग खोकडपुऱ्यात उभं राहिलं. खेड्यापाड्यातली पोरं कॉलेजला येतील, त्यांना दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर असावं, एवढाच हेतू. बाईंचे मालक आणि तात्यासाहेब वकील या दोघांनी ते चालू केलं. मालक गेले तसं अध्यक्षपण बाईंकडं आलं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. वाचायचं तर अक्षरावर बोट ठेवून. पण मागच्या दोन खोल्यांत राहून पंचवीस वर्षं त्यांनी स्वयंपाकघर असं चालवलं, की कुठलं पोरगं किती भाकरी खातं आणि कुठल्या दिवशी एक कमी खातं, हे त्यांना विचारावं लागत नसे.

म्हणून नवरात्रातल्या त्या शुक्रवारी पुंजारामानं एकच भाकरी खाल्ली, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पिशोरकडचं पोर, जुलैत आलेलं. हात धुवायला उठलं ते पावलांच्या कडांवर चालत.

"पायाला काय झालं रं?"

"काय नाय माई. काटा मोडलाय."

"दोन्ही पायांत एकदमच? काटे काय ठरवून आले व्हते?"

बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि गल्लीतल्या कमरोद्दीन कंपाउंडरला बोलावणं धाडलं. कमरोद्दीन आला, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं तळवे न्याहाळले.

"माईसाब, काटा-बिटा काई नै. भाजलेलं हाय. फोड येऊन फुटले. तव्यावर उभं केल्यावानी दिसतंय."

"चुलीत गेला व्हतास का?" बाईंनी पुंजारामाला विचारलं.

"गच्चीवर व्हतो," तो म्हणाला. एवढं सांगायला त्याला कमरोद्दीनची मलमाची डबी अर्धी संपेपर्यंत वेळ लागला.

मग एकेक निघालं. नवीन आलेलं पोरगं म्हणजे कच्चं. कच्च्यानं पायात काही घालायचं नाही, खोलीत नाही, रस्त्यावर नाही, कॉलेजातही नाही. जुन्या म्हणजे पक्क्या पोरांच्या बादल्या भरायच्या, कपडे धुवायचे, समोर बसायचं नाही. दसऱ्याला पक्के त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवणार, त्या दिवसापासून तो पक्का. पुंजारामाला कुणीतरी गुलमंडीच्या बाजारात चपला घातलेला पाहिलं. शिक्षा म्हणून नानासाहेबानं त्याला भरल्या दुपारी गच्चीवरच्या शहाबादी फरशीवर उभं केलं, डोक्यावर भरलेली घागर देऊन. सव्वा तास.

"आन तू उभा राहिलास?"

"चार दिसांवर दसरा आलाय, माई." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं ते आता, पायाला मलम लावताना आलं नव्हतं. "तुम्ही काय बोलू नका. बोललात तर मी जन्मभर कच्चाच राहीन. मग इथं कोण राहू देईल? घरी गेलो तर पुन्हा कुणी धाडत नसतंय मला."

कमरोद्दीन पट्टी बांधता बांधता पुटपुटला, "अजीब पोरगं हाय. भाजून बी घेतंय, वर भाजणाऱ्याची अब्रू बी सांभाळतंय."

वच्छलाबाईंना राग येत होता तो नेमका कुणाचा, हेच त्यांना धड कळेना.

रविवारी सकाळी तात्यासाहेब आले. चहा घेतला, कोटाची गुंडी सोडली, सगळं ऐकलं आणि वकिलासारखा गळा खाकरला.

"वहिनी, मुलं आहेत. थोडंफार चालतंच. नानासाहेबाला मी समज देतो. आणि असा नियम करू, की उन्हात उभं करायचं नाही. सावलीत करावं."

"म्हणजे छळ सावलीत करायचा."

"तसं नव्हे हो. मर्यादा घालायची. अर्धा तास, त्याच्या वर नाही. कपडेही फक्त रविवारचेच धुवायला लावायचे."

"तात्यासाहेब, गोठ्यात साप निघाला तर तुम्ही त्याला चावायच्या वेळा ठरवून देता का?"

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "स्पष्ट बोलतो. प्रश्न तुमच्या नातवाचा आहे. परीक्षेला पाच महिने राहिलेत. त्यापेक्षा त्या पुंजारामाची सोय दुसऱ्या बोर्डिंगात करू. जरा नाजूक आहे तो. मी चिठ्ठी देतो."

"ज्याचे पाय भाजले त्यानं गाव सोडायचं. भले."

"आणि दुसरं म्हणजे," तात्यासाहेब जरा चाचरले, "मुलं म्हणतात, हा नियम तुमचाच आहे. पाटीवर लिहिलाय."

पाटी हॉलच्या दारावर होती. रोज तिच्याखालून जाऊनही बाईंनी ती कधी वाचली नव्हती. तिच्यावर काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे, असं त्यांना वाटे. आता त्यांनी स्टूल मागवलं, चढल्या, आणि अक्षरांवर बोट फिरवत मोठ्यानं वाचलं: नवीन मुलांनी दसऱ्यापर्यंत पायताण घालू नये. हुकूम, वच्छलाबाई.

त्या स्टुलावरच उभ्या राहिल्या. बोर्डिंगाचं पहिलं वर्ष त्यांना आठवलं. नळ नव्हता, आड होता. आडाच्या काठचा दगड पावसाळ्यात शेवाळानं साबणासारखा व्हायचा. नवीन पोरांना तो दगड माहीत नसे. त्या वर्षी एक पोरगं चपलेसकट घसरलं, थोडक्यात वाचलं. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की नवीन पोरांनी आडावर जाताना पायताण घालू नये, दसऱ्यापर्यंत, शेवाळ वाळेस्तोवर.

"आडाचं कुठं गेलं?"

"आड बुजवला ना आपण, नळ आल्यावर," तात्यासाहेब म्हणाले. "पाटी जुनी झाली होती. रंगाऱ्याला मीच सांगितलं, आता आड नाही, आडाचं काढून टाक."

"आडाचं काढलं आन हुकूम ठिवला." बाई खाली उतरल्या. "लई शिकलेले आहात तुम्ही. कुणी पडू नये म्हणून मी पोरांच्या चपला काढल्या, तुम्ही त्याचा सण केला. आन मी, खुळी, रोज त्याच्याखालून जात व्हते."

बाईंनी नानासाहेबाला बोलावलं. तो आला, भिंतीला टेकून उभा राहिला.

"सरळ उभा राहा. भिंत काय तू सोडल्यावर पडणार नाय."

तो सरळ झाला. "आजी, मी काही वेगळं केलेलं नाही. माझ्या वेळी म्होरक्या होता त्या बद्रीनाथनं मला दोन तास उभं केलं होतं, तुझा नातू असून. मी कुणाला सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी सोसलंय. पुंजारामालाच विचार, त्यालाही पक्कं व्हायचंय."

"त्याला इथं राहायचंय. राहायचं तर हे करावं लागंल असं तुम्ही त्याला सांगितलं, म्हणून ते हवंसं वाटतंय त्याला."

"मग आम्ही सोसलं ते फुकट गेलं का?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि तू बोलू नकोस. आईला तू किती वर्षं चुलीपाशी सगळ्यांच्या मागून जेवायला बसवलंस? तुझ्या सासूनं तुला बसवलं होतं म्हणून. मला आई सांगते."

तात्यासाहेब खिडकीतून बाहेर बघू लागले. हॉलच्या दाराशी पोरं गोळा झाली होती, आणि त्यांच्यात पुंजाराम, पट्ट्या बांधलेला, एकाच्या खांद्याला धरून.

आशाबाई, वच्छलाबाईंची सून, वैजापूरला बिऱ्हाड करण्याआधी मागच्या त्या दोन खोल्यांतच राहिली होती, आणि कधी एक शब्द बोलली नव्हती. पण लेकाला सांगितलं होतं तर. बरोबरच सांगितलं होतं. खोटं असतं तर उत्तर देता आलं असतं.

त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"बसवलं. अकरा वर्षं. ते वाईट केलं, आन तुझ्या आईला ते मी तिच्या तोंडावर सांगीन, तुला नाय. तू तुझं ऐक. ह्या बोर्डिंगात आजपासून कच्चं कुणी नाय. जे पोरगं ट्रंक घिऊन दारात आलं, ते त्याच घटकेला पक्कं. दसऱ्याला पानं द्या, खुशाल द्या, सगळ्यांनी सगळ्यांना द्या. पुंजाराम इथंच राहतोय. तुझं नाव मी बोर्डिंगातून काढलंय. आज वैजापूरला आईबापाकडं जायचं, पाच महिने तिथून येऊन-जाऊन परीक्षा द्यायची, नापास झालास तर माझं नाव सांगायचं नाय. सोसलं ते फुकट गेलं का म्हणून इचारलंस ना? व्हय बाबा, फुकट गेलं. तुझं बी गेलं, माझं बी गेलं. त्याची भरपाई मागं जाऊन बद्रीनाथाकडं मागायची हिंमत नसंल, तर पुढच्याचे पाय भाजून ती मिळत नसती. जा, ट्रंक भर."