टाकी फुगली, शेगडी पेटेना

लेकीच्या हळदीनंतर शहाडच्या मनुबाईच्या गोबरगॅसची टाकी फुगून वर आलेली, पण शेगडीला काडी लावली की काडीच विझायची. सिलिंडरचा नंबर लागायला वर्षं जायची तेव्हा. त्यामुळे मनुबाईने भर मांडवात नव्या विहिणीला, ठमाबाईला, ऐकवलेलं, "रविवारी या. माझ्या म्हशींच्या गॅसवर रांधून घालते."

तिने भाच्याला बोलावलं. आनंद एका कंपनीत केमिस्ट. त्याने शेणकाल्यात लिटमसचा निळा कागद बुडवला, तो लाल झाला.

"आत्या, हळदीचा उरलेला भात यात टाकलास?"

"मग काय फेकू? टाकी जास्त खाईल तर जास्त गॅस देईल."

"आत जंतूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली भात खाऊन आम्ल करते, शिर्क्यासारखं. सोबत न जळणारा वायू सोडते, त्यानेच टाकी फुगली. दुसरी टोळी ते आम्ल खाते. आम्लात कार्बनचे दोन अणू जोडलेले, ती ते तोडते. एकाकडे तीन हायड्रोजन असतात. चौथा मिळाला की झाला मिथेन. तो जळतो. दुसरा कार्बन ऑक्सिजन घेऊन जातो, तो नाही जळत."

"भावाभावांची वाटणी म्हण की. आणि तोडणाऱ्याला काय मिळतं?"

"जगण्यापुरती ताकद, नखभर. म्हणून ती टोळी हळू वाढते. हवा तिला सोसत नाही, आणि फार आंबलं की काम टाकून बसते."

मनुबाईने वाकून वास घेतला. नासलेल्या पेजेचा. "पंगत मी पहिल्या टोळीलाच वाढली तर."

"थोडा चुना घाल, शेण बंद ठेव. रविवारपर्यंत नाही व्हायचं पण."

रविवारी आनंदही जेवायला आला होता. मनुबाईने लाकडं पेटवली. ठमाबाईने धुराकडे बघितलं. "कुठाय हो तुमचा गॅस?"

मनुबाईने तिला सरळ टाकीशी नेलं. "आतली मंडळी अजीर्णाने पडलीत. मीच जास्त वाढलं." मग दोन टोळ्या, वाटणी, चौथा हायड्रोजन, सगळं सांगितलं.

ठमाबाई नाकाला पदर लावून उकिडवी बसली. "आणि तो दुसरा? न जळणारा? तो वायाच जातो?"

विहिणीपुढे अडायची मनुबाईला सवय नव्हती. "अरे आनंद," तिने घराकडे हाक मारली, "दुसऱ्याचं काय होतं रे?"

"त्यातल्या काहींनाही हायड्रोजन मिळतो," आनंद दारातून म्हणाला. "तेही काम जंतूच करतात. ऑक्सिजन पाणी होऊन सुटतो, उरतो मिथेन."

"म्हणजे तोही पेटतो शेवटी," ठमाबाई म्हणाली. "मला बघायचंय. पुन्हा येईन मी."

"या की. येताना उरलेला भात तेवढा आणू नका."