टँकरच्या रांगेतली सतरंजी

मित्रांनो, ही गोष्ट २००३ सालची. पाऊस पाठ फिरवून गेला होता आणि पालीजवळच्या बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या.

मी एक जुनी सतरंजी आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. तुरुंगातल्या मागावर एका कैद्याने मला विणले. "मला बी कुणी वकील दिला असता तर," असे तो विणता विणता पुटपुटत असे. पुढे मी बीडच्या मोफत कायदेविषयक मदतीच्या कचेरीत आले. शिबिर असले की शिवकांता वकील मला जीपमध्ये टाकून गावोगाव नेत.

त्या वर्षी धरणाजवळच्या एका गावात त्यांनी मला सोसायटीच्या गोदामासमोर अंथरले. चेअरमन बबनराव ऐसपैस बसले. त्यांच्यामागे सारी भावकी.

"आमच्या गावात तक्रार न्हाई, वकीलबाई. सगळं गोडीत हाय."

वकीलबाईंना ते खरे वाटले. सगळे उठून गेल्यावर त्या मला गुंडाळू लागल्या, तेव्हा म्हातारी छबुबाई जवळ आली.

"माय, तुमचं कोर्ट चुकीच्या जागी आंथरलंय. थोरल्या दिरासमोर सतरंजीवर कोण बसंल? अन् बायका हायत कुठं? टँकरवर!"

दुसऱ्या दिवशी वकीलबाई पुन्हा आल्या. टँकरची रांग लागते तिथे, बाभळीखाली, त्यांनी मला अंथरले आणि आधी स्वतः बसल्या. बायका घागरी घेऊन लांबूनच हसत होत्या.

"पाय धुळीचे हायत आमचे."

"बस की बायने, सतरंजी काय चावती?" छबुबाईने एकीला पुढे ढकलले.

ती बायनाबाई, बबनरावांच्या मयत धाकट्या भावाची बायको. भरलेली घागर तिने माझ्यावरच टेकवली आणि माझ्या कडेला अंग चोरून बसली. आधी नुसती माझे दोरे ओढत राहिली. मग म्हणाली, "विहीर दोघा भावांची. पाणी हाय तिला. पर मोटारीच्या खोलीला भावजींचं कुलूप. म्हणत्यात, नवरा गेला, हिस्सा गेला. माझी मोसंबी वाळाया लागली, बाई. वकील लावायची ऐपत न्हाई."

"सरकार देतं वकील. बाईमाणसाला फुकट."

"फुकटाचा वकील नीट भांडंल का?" छबुबाईने डोळे मिचकावले.

"बघाच," शिवकांताबाई म्हणाल्या.

त्या खरेच भांडल्या. बबनराव तारखा चुकवत राहिले, पण अखेर न्यायालयाने बायनाबाईचा हिस्सा मान्य केला आणि पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या. तोवर निम्मी झाडे वाळली होती. उरलेल्या झाडांच्या आळ्यात पाणी आले, तेव्हा बायनाबाई बांधावर बसून रडली म्हणे.

बबनराव पुढेही चेअरमन राहिले; मात्र बायनाबाईच्या पाण्याच्या पाळीला कुलूप उघडायला स्वतः येत, मान खाली घालून. छबुबाई मरेपर्यंत दर शिबिराला कुणा ना कुणाला हाताला धरून आणी. बायनाबाईची बाग नव्याने उभी राहिली. तिथली मोसंबी दर साली कचेरीत येते. शिवकांताबाईंचे केस पिकले, तरी कोर्टात त्या उभ्या राहतातच.

आणि मी? आता मी कपाटामागे पडून आहे. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. त्या घागरीचा वाटोळा डाग मात्र अजून आहे.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, फाटले तिथे टाका घाला. आणि माझ्यासारखी एखादी सतरंजी अंथराल, तेव्हा वर कोण बसले आहे ते पाहून थांबू नका. कडेला कोण उभे राहिले आहे, तेही बघा.