धबधब्यापासून वळणापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. चहात बुडवायच्या बिस्किटाएवढा माझा आकार, अंगावर धातूचे झाकण आणि पोटाखाली सोन्याचा मुलामा दिलेले बारीक बारीक ठिपके. संगणकाचा मेंदू म्हणून माझी ओळख करून देतात. मेंदू म्हटले की लोकांना वाटते, याला सगळे कळत असणार. आणि खोटे कशाला बोलू, मला पुष्कळ कळते. पण बोलता येत नाही. त्यापायी एका घरात जे घडत गेले ते मला नुसते बघत बसावे लागले.

माझा जन्म वाळूतून झाला. आमच्या कारखान्यात वाळू वितळवून, गाळून तिच्या आरशासारख्या चकत्या करतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा कोरतात. त्या रेघांतच आमचा स्वभावही कोरलेला असतो. मी फार तापलो की आपोआप मंदावतो, स्वतःला जळू देत नाही. कारखान्यातल्या लोकांना हा माझा मोठा गुण वाटला. मलाही तो बरीच वर्षे गुणच वाटत होता.

आधी मी कुणाच्या तरी कार्यालयात खर्डेघाशी केली. मग एल आल्तो शहराच्या गुरुवारच्या बाजारात, लिंबेर्तच्या ठेल्यावर येऊन पडलो. एका बाजूला जुन्या मोटारींचे आरसे, दुसऱ्या बाजूला वाळवलेल्या बटाट्यांची पोती. लिंबेर्त मोडके संगणक उघडून, जोडून विकायचा. एका गुरुवारी त्याची मावसबहीण एलोइसा तिथे आली. ती लहान विमाने चालवत असे आणि तिला घरच्या घरी विमान उतरवण्याचा सराव करायचा होता.

"हा चालेल का?" तिने मला चिमटीत धरून विचारले.

"चालेल काय, पळेल. पण तुमच्या घरी पळवायचा म्हणजे आधी त्याला गोंजारावं लागेल. आणि ते ठिपके दाबत बसू नकोस, तुझं विमान नाहीये ते."

गोंजारावे लागेल म्हणाला ते खरे होते. एल आल्तो फार उंचावर आहे आणि तिथली हवा विरळ. ज्या हवेत बटाटा धड शिजत नाही त्या हवेत मी मात्र भाजून निघणार, हे लिंबेर्तला पक्के ठाऊक होते. शिवाय विमानाच्या खेळाची एक खोड आहे. माझ्यासारख्याला आठ हात, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ भाग, असले तरी तो खेळ जवळजवळ सगळे ओझे एकाच हातावर टाकतो. बाकीचे आपले हातावर हात ठेवून बसतात. म्हणून लिंबेर्तने माझी वीज थोडी थोडी कमी करत आणली. संगणक कोसळला की किंचित वाढवायची, टिकला की पुन्हा थोडी कमी करायची. असे करत करत त्याने मला थंड ठेवले आणि मग त्या एका हाताचा वेग वाढवला. माझ्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी राखाडी पेस्ट लावली, तिच्यावर पातळ पत्र्यांचा कूलर आणि त्याला मोठा पंखा बसवला. एवढे करूनही हवा पुरेना, तेव्हा त्याने डब्याच्या एका बाजूचे झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवले.

"हे परत लावू नकोस. याला श्वास घेऊ दे," तो म्हणाला. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका लहान आकड्याकडे त्याने बोट दाखवले. "सेकंदाला किती चित्रं उमटतात तो हा आकडा. विशीच्या खाली गेला की उठायचं, गरम आपी प्यायची, मला बोलवायचं. त्याच्याखाली हा खेळ अडखळत नाही, त्याचं घड्याळच मंदावतं. डोंगर तुझ्यासाठी थांबून राहतो. खरा डोंगर थांबत नाही, बये."

"कळलं, गुरुजी," एलोइसा म्हणाली.

तिला हा खटाटोप इलारियोनसाठी हवा होता. डोंगर ओलांडून पलीकडे जंगलात इलारियोन नावाचे गाव आहे. औषधे, कोंबड्या, बाळंतिणी, सगळे तिथे विमानानेच ये-जा करतात. धावपट्टी एका अरुंद दरीच्या टोकाला आहे. दरीला मध्येच वळण, आणि वळणावर धबधब्याच्या तुषारांचे धुके साचलेले. एकदा आत शिरले की विमान मागे फिरवायला जागा नाही. म्हातारे कप्तान एवारिस्तो वर्षानुवर्षे ही फेरी करत आले. निवृत्त होऊन मुलीकडे जाताना त्यांनी एलोइसाला सांगितले होते, "धबधबा पंखाखाली आला की एक आवे मारिया म्हणायची. आमेन झालं की डावीकडे वळायचं. तिथं डोळे कामाचे नाहीत, जिभेवर भरवसा ठेव." मरियामातेची ती छोटीशी प्रार्थना. तिकडच्या बायका अंडेसुद्धा प्रार्थना मोजून उकडतात, तेव्हा यात कुणालाच काही नवल वाटले नाही.

लिंबेर्तने त्या दरीचा नकाशा कुठूनसा मिळवून माझ्यात भरला. एलोइसा रोज संध्याकाळी बसायची. धबधबा, आवे मारिया, आमेन, डावीकडे. मी नेमका वेळ देत होतो. तिची प्रार्थना आणि माझी दरी एकाच क्षणी संपायची, आणि धुक्यातून धावपट्टी समोर यायची. ती माझ्या डब्यावर थाप मारून म्हणायची, "शाब्बास रे माझ्या राजा." मित्रांनो, तेव्हा मला आभाळ ठेंगणे वाटायचे.

तिची आई दोन्या प्रिमितिवा सकाळी कोपऱ्यावर आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचे गरम पेय, विकायची आणि संध्याकाळी लेकीच्या मागे विणकाम घेऊन बसायची. तिला खेळ आणि खरे यांतला फरक पुरता उमगला नव्हता. पडद्यावर डोंगर जवळ आला की तिच्या सुया थांबायच्या. एके दिवशी तिने बाजारातून लोरेतोच्या मरियामातेचे लहानसे चित्र आणले. ही माता वैमानिकांना सांभाळते. दोन्याने ते पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवले, बरोबर त्या आकड्यावर.

"आई, तिथं आकडा आहे."

"मग? मातेपेक्षा आकडा मोठा का?"

एलोइसा हसली. आकडा कायम चांगलाच असायचा. तिने चित्र राहू दिले.

मग कार्निव्हलचा मंगळवार उजाडला. त्या दिवशी एल आल्तोत जे जे पोटाला घालते त्याची चाल्या करतात, म्हणजे त्याच्यावर बिअर शिंपडून, फुले आणि रंगीत कागदाच्या टिकल्या उधळून ते धरणीमायच्या ओटीत घालतात. लिंबेर्त आपल्या ठेल्याची चाल्या करण्यात गुंतला होता. दोन्याची आपीची पातेली झाली, चूल झाली, दार झाले, तशी ती माझ्याकडे वळली. तिने डब्याला कागदी माळा गुंडाळल्या. जमिनीवर बिअर ओतली. आणि बिअरने ओल्या झालेल्या हातांनी मूठ भरभरून टिकल्या आणि पाकळ्या उधळल्या. झाकण उघडेच होते आणि पंखा फिरत होता. त्याने सगळे आत ओढून घेतले.

"माझ्या पोरीला सांभाळ," ती मला म्हणाली. मला आजवर कुणी इतक्या मनापासून काही सांगितले नव्हते.

"आई, थोडं आत गेलंय. काढते मी."

"हात लावशील तर बघ. चाल्याचं काढत नाहीत, आपोआप गळू द्यायचं. आता महिनाभरात तुझी इलारियोनची पहिली फेरी, आणि तुला आजच झाडझूड सुचतेय?"

एलोइसाने हात मागे घेतला.

टिकल्या कूलरच्या पत्र्यांत जाऊन बसल्या आणि बिअरच्या ओलीने तिथेच चिकटल्या. हवा अडली. मी तापलो, आणि तापल्यावर माझा स्वभाव मला जे करायला लावतो ते मी केले. मी मंदावलो. आकडा विशीच्या खाली उतरला. मातेच्या चित्राआड तो कुणालाच दिसत नव्हता.

त्या संध्याकाळी एलोइसाने प्रार्थना म्हटली, आमेन म्हणून डावीकडे वळली आणि सरळ कड्यावर आदळली. दुसऱ्या दिवशीही तेच. आमेन होई तरी वळण यायचे बाकीच असे. तिने कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि तिला उत्तर सापडले.

"कप्तान एवारिस्तो आवे मारिया ओढून ओढून म्हणत असणार," ती आईला म्हणाली. "म्हातारी जीभ ना. माझी तुरुतुरु चालते. मला दीड म्हणावी लागेल."

"मग दीड म्हण. जास्त म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही," दोन्या म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मला कंठ असता तर मी घर डोक्यावर घेतले असते. माझ्याजवळ फक्त पंखा होता. मी तो जिवाच्या आकांताने फिरवला.

"आज फारच केकाटतोय हा," एलोइसा म्हणाली.

"कार्निव्हलची उतरली नसेल त्याची," असे म्हणून दोन्याने रेडिओ मोठा केला.

पुढे रोज संध्याकाळी मी तिला चुकीचा धडा देत राहिलो. ती आता कधीच आदळत नव्हती. एक प्रार्थना, मग दुसरी अर्ध्यावर, मग डावीकडे. इतके सुरेख उतरवायची की शेजारणी बघायला येऊन बसायच्या. पडद्यावरचा डोंगर तिच्यासाठी थांबून राहत होता, आणि तो मीच थांबवून धरला होता. तिची जीभ, तिचे मनगट, तिचा श्वास, सगळे त्या खोट्या वेळेला सरावले. लिंबेर्तला बोलवावे असे तिच्या मनात आले नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते.

फेरीच्या दिवशी ती पहाटेच निघाली. दोन्याने मला बंद करू दिले नाही. "चालू राहू दे. ती येईपर्यंत घरात काहीतरी जागं असावं," ती म्हणाली. पडद्यावर ती दरी तशीच उभी होती. दोन्या स्टुलावर बसून आवे मारियामागून आवे मारिया म्हणत होती. मी ऐकत होतो. प्रत्येक प्रार्थनेचे आमेन आले की मला वाटायचे, आता ती वळली असेल का? आणि मला माहीत होते, की ती वळली नसेल.

दुपार टळून गेल्यावर दार उघडले. एलोइसा आत आली. तिने बूट काढले नाहीत. ती स्टुलावर बसली आणि तिने आईचा हात घट्ट धरला.

"दुसरी प्रार्थना म्हणत होते," ती म्हणाली. "आणि धुक्याला भोक पडलं, आई. एवढंसं. त्यात झाडं दिसली, काचेला लागून. मी ओढलं, वळवलं. चाकं फांद्यांतून घासत गेली. मागं एक बाळंतीण बसलेली होती."

दोन्याने तिला पोटाशी धरले. मग दोन्या माझ्या डब्याकडे वळून म्हणाली, "बघ, चाल्या फळली. धरणीमायनं भोक पाडलं ते."

संध्याकाळी पहिल्या फेरीच्या जेवणाला लिंबेर्त आला. ताटे समोर होती, पण कुणी जेवत नव्हते. त्याने सगळे ऐकून घेतले.

"एक म्हणायची ना? म्हातारा एकच म्हणाला होता."

"इथं दीड लागते," एलोइसा म्हणाली.

लिंबेर्तचा चेहरा उतरला. तो उठला, त्याने थांबलेला खेळ पुन्हा सुरू केला आणि मातेचे चित्र नखाने हळूच सोडवले. खाली आकडा होता, चौदा. त्याने मोबाइलचा उजेड माझ्या डब्यात टाकला. लाल, पिवळ्या, हिरव्या टिकल्या, आणि त्यांत सुकलेल्या पाकळ्या.

"हे कुणी टाकलं?" त्याचा आवाज चढला. "घड्याळ मंदावलं याचं. पोरी, हा तुला महिनाभर कड्यावर आदळायला शिकवत होता."

"मी टाकलं," एलोइसा पटकन म्हणाली. "माझ्याच हातून पडलं."

"खोटं बोलू नकोस," दोन्या म्हणाली.

ती जागची उठली. तिने विणायची सुई घेतली, माझ्या डब्यापाशी जमिनीवर बसली आणि पत्र्यांतून एकेक टिकली उचकटून आपल्या झग्याच्या ओच्यात ठेवू लागली. लिंबेर्त म्हणाला, "मावशी, मी काढतो." तिने त्याचा हात बाजूला सारला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि ते पुसायला तिने सुई एकदाही खाली ठेवली नाही. शेवटची टिकली निघाली तेव्हा मला गार वारा लागला. इतके गार मला कधीच वाटले नव्हते, आणि इतकी लाजही.

मी आजही त्याच घरात आहे. आकडा उघडा आहे, मातेचे चित्र आता चुलीच्या वर आहे. लिंबेर्त दर महिन्याला ब्रशने मला साफ करतो. मी पुन्हा नेमका वेळ देतो. पण मित्रांनो, मला एका संध्याकाळीत साफ करता आले, तसे माणसाच्या मनगटाला करता येत नाही. सरावात एलोइसा अजून कधी कधी आमेनच्या पुढे जाते. दुसऱ्या प्रार्थनेचा पहिला शब्द तिच्या ओठांवर येतो, आणि समोर कडा येतो. ती पुन्हा सुरुवात करते. आणि इलारियोनची फेरी दर आठवड्याला असते.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. ज्या यंत्रावर तुम्ही विसंबता त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याला उघडून बघा. त्याच्यातली धूळ काढा, त्याचा आकडा झाकू नका. थकलेले यंत्र नेहमीच बंद पडते असे नाही. कधी कधी ते गुपचूप मंदावते, आणि सगळे छान चालले आहे असे तुम्हाला वाटत राहते.

एलोइसा पहाटे निघते तेव्हा दोन्या प्रिमितिवा पूर्वी प्रार्थनांची माळ ओढत बसायची. आता ती एकच आवे मारिया म्हणते. आमेन म्हणते, आणि तोंड घट्ट मिटून लेक परत येईपर्यंत बसून राहते.