दगडाखालचा पत्रा

मित्रांनो, केडगाव स्टेशन सोडून गाडी पुण्याकडे निघाली की थोड्याच वेळात डाव्या हाताला वेड्या बाभळींची रांग लागते. तिच्या बुडाशी एक वाकडातिकडा, मधोमध जळून काळा पडलेला पत्रा दिसेल. कुणीतरी भंगार टाकून दिलंय असं समजून तुम्ही मान फिरवाल. ते भंगार म्हणजे मी. गंजलोय, वाकलोय, पण टाकाऊ कधी नव्हतो. जरा इकडे कान द्या. आभाळ भरून यायला लागलंय आणि मला आज थोडं घाईनंच बोलायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्ट्याला जस्ताची अंघोळ घातली, दाबून अंगावर नाल्या पाडल्या, आणि मी तयार झालो. तेव्हा मी इतका चकचकीत होतो की वरून जाणाऱ्या साळुंक्या बिचकायच्या. माझी पहिली नोकरी सणसवाडीला, भाड्याच्या खोल्यांवर. खाली दूरच्या मुलखातून आलेले कामगार राहत. रात्रपाळी करून आलेली ती माणसं भर उन्हात माझ्याखाली झोपायची आणि उठल्यावर मलाच शिव्या द्यायची. "ये पत्रा नहीं, तवा है भाई," असं एकजण रोज म्हणायचा. मला राग यायचा, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तिथली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिथल्या फिटरनं मला लोखंडी अँगलला हुकांनी घट्ट आवळलं होतं. खाली रबरी वायसर, वर नट. कितीही वारं सुटलं तरी मी नुसता कुरकुरायचो, जागचा हलत नव्हतो.

पुढं मालकानं खोल्यांवर स्लॅब टाकला आणि आम्हा पत्र्यांना रस्त्याकडेला उभं केलं. त्याच दिवशी हौसराव नावाचा शेतकरी शिरूरच्या बाजारात गाय बघायला गेला होता. गाय काही त्याला पटली नाही. परतताना त्याला आम्ही दिसलो, आणि तो आम्हालाच ट्रॉलीत भरून घरी घेऊन आला. त्याची बायको कस्तुराबाई दारातच उभी होती.

"गाय आनाया गेल्तं, आन् पत्रं घिऊन आलं! ह्यांची धार काढू का आता?"

"आदी गोठा, मंग गाय," हौसराव म्हणाला. त्याला सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणतो.

आबांचं शेत रुळाला अगदी लागून. गोठा उभा राहिला आणि मी त्याच्या टोकाला, रुळाच्या बाजूला चढलो. माझी जुनी भोकं इथल्या वाशांशी जुळेनात. आबांनी ती डांबरानं बुजवली; पोटावर ते काळे ठिपके आजही आहेत. नवीन भोकं पाडून ठोकायला त्यांनी हुकही आणले. पण त्या दिवशी वीज नव्हती, ड्रिल चालेना. मग हुकांची पिशवी गोठ्यातल्या खुंटीला अडकवली आणि बांधावरचे चार दांडगे दगड आणून माझ्या अंगावर ठेवले. "तवर ऱ्हाऊंद्या दगड. उद्या बगू," असं म्हणून आबा खाली उतरले.

तो उद्या काही उगवला नाही. आबा आळशी होते असं मी म्हणणार नाही. पहाटेपासून शेवंतीच्या वाफ्यात वाकलेला माणूस तो. पण दगड ठेवला की आपल्याकडच्या माणसांना काम झाल्यासारखंच वाटतं. आजूबाजूच्या गोठ्यांवर बघा, कुठं दगड, कुठं फाटका टायर, कुठं मोडकं जातं. हुक आपले पिशवीतच.

तरी ते दिवस सुखाचे होते. पाऊस आला की कस्तुराबाई खालून म्हणायची, "ग्वाड आवाज हाय बया पत्र्याचा." उन्हाळ्यात ती शिडी लावून वर यायची, दगड खाली सरकवायची, माझ्यावर धुतलेलं जुनं लुगडं पसरायची आणि त्यावर कुरडया घालायची. कोंबड्यांची तोंडं तिथवर पोचत नाहीत, आणि माझ्यासारखं तापतं कोण! संध्याकाळी कुरडया उतरवल्या की दगड पुन्हा जागेवर. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती.

मग आबांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा पुण्याच्या दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागे. जीपचे हादरे त्यांना सोसत नसत, म्हणून दुपारच्या गाडीनं जायचं. मुलगा भारत सणसवाडीच्या कंपनीत, त्यामुळे सोबतीला सून सुवर्णा जायची. केडगावहून गाडी निघाली की आमच्या गोठ्यासमोरूनच जाई. कस्तुराबाई त्या वेळी काहीतरी निमित्त काढून माझ्याजवळ वर यायची. आबा खिडकीतून हात बाहेर काढायचे, ती पदर सारखा करायची. एवढंच. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती खाली उतरत नसे.

त्या वैशाखात भाच्याच्या लग्नापायी आबांनी दवाखान्याची एक पाळी चुकवली. सगळ्यांनी नको म्हटलं, पण मामाशिवाय अंतरपाट धरायचा कसा, हेच त्यांचं पालुपद. लग्नाहून आले ते सुजलेले पाय घेऊन. धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, आता ही पाळी काही झालं तरी चुकता कामा नये. पाणी छातीत चढलं तर आवरायचं नाही. त्या दुपारी सुवर्णा त्यांना घेऊन स्टेशनवर गेली.

माझ्यावर कुरडया वाळत होत्या. दगड खाली होते.

पश्चिमेकडून आधी नुसती धूळ उठली. मग सगळा उजेड पिवळा झाला आणि वाऱ्यानं एकदम झडप घातली. कस्तुराबाई धावत शिडीवर चढली, लुगड्यासकट कुरडया गोळा करून छातीशी धरल्या आणि खाली उतरली. तेवढ्यात गोठ्यात गाईनं हिसका मारून दावं तोडलं. बाई कुरडयांचं गाठोडं घरात फेकून गाईमागे पळाली. दगड तसेच जमिनीवर राहिले. मी कडकड वाजत होतो, मित्रांनो. जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो. पण त्या वादळात सगळंच ओरडत होतं.

आणि मी उडालो. उडायची हौस मला कधीच नव्हती. गोठा खाली गेला, बांध गेला, बाभळी गेल्या, आणि मी रुळांवरच्या विजेच्या तारेवर जाऊन आदळलो. डोळे दिपवणारा जाळ झाला, मोठा आवाज झाला, माझं पोट करपलं. तारेतली वीज गेली. मी तिथंच गुंडाळून लोंबकळत राहिलो.

केडगावहून गाडी निघालेलीच होती. हळूहळू येत येत ती माझ्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. पंखे बंद, दिवे बंद. मग पाऊस आणि गारा कोसळल्या; त्या थांबल्यावर लोकांनी खिडक्या उघडल्या. कुणाचं मूल रडत होतं, कुणी फोनवर ओरडत होतं, पण रेंज गेलेली. पहिल्याच डब्यात, खिडकीशी, आबा होते. तोंड उघडं टाकून हवा घेत होते. सुवर्णा पदरानं वारा घालत होती.

"आबा, पानी देऊ का?"

"व्हट भिजव फकस्त." आबांची नजर वर गेली आणि माझ्यावर थांबली. "सुवर्णा, त्यो पत्रा बग. डांबराचं ठिपकं. आपला हाय त्यो."

"आसू द्या आबा. बोलू नगा, धाप लागतीया."

"हुक पिशवीतच ऱ्हायलं गं," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, मला त्या क्षणी वितळून जावंसं वाटलं. ज्या माणसानं मला रस्त्यावरून उचलून छपरावर चढवलं, त्याचीच वाट मी अडवून बसलो होतो. आणि मला हलताही येत नव्हतं.

तेवढ्यात चिखल तुडवत कस्तुराबाई आली. गाय सापडली होती. मग तिला उघडा गोठा दिसला, मग तारेवरचा मी, मग थांबलेली गाडी. त्या क्रमानं तिचं तोंड उतरत गेलं. डब्याच्या दारातून सुवर्णानं हाक मारली, "आत्या, आबांला लई तरास होतूय! गाडी कवा हालंल सांगत्यात न्हाईत!"

कस्तुराबाई खिडकीखाली उभी राहिली. डबा उंच, तिचा हात पोचेना. आबांनीच हात खाली सोडला. तो तिनं धरला आणि एकच शब्द बोलली, "थांबा."

मग पळत जाऊन तिनं शेजारच्या रोहिदासला ट्रॅक्टरसकट आणलं. घरातली बाज ट्रॉलीत टाकली. डब्यातल्या माणसांनी आबांना अल्लद खाली दिलं. फलाट नसताना गाडीतून आजारी माणूस उतरवणं किती अवघड, ते मी वरून पाहिलं. रस्त्यावर लिंबाची झाडं आडवी झाली होती. रोहिदासनं कांद्याच्या मोकळ्या वावरातून ट्रॅक्टर घातला, कासुर्डीच्या बाजूनं हायवे गाठायला. सुवर्णा बाजेची कड धरून बसली. कस्तुराबाईही चढायला गेली, पण आबांनी मान हलवली. "जनावरं सुटल्यात. तू ऱ्हा." ट्रॉली हिंदकळत गेली आणि ती वावराच्या मध्यात एकटी उभी राहिली.

अंधारून यायच्या वेळी दौंडहून तारा दुरुस्त करणारी माणसं आली. त्यांनी आधी वीज बंद असल्याची खात्री केली, मग लांब दांड्यानं मला ओढून काढलं आणि बाभळीखाली फेकलं. साहेबानं विचारलं, "पत्रा कुणाचा?" जमलेली माणसं जमिनीकडे बघायला लागली. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.

"माजा हाय," कस्तुराबाई पुढं होऊन म्हणाली. "दगड म्याच काढलं हुतं."

साहेब आधीच वैतागलेला. "बाई, तुमच्या या एका पत्र्यापायी दौंडपासून सगळ्या गाड्या उभ्या आहेत. कळतं का?"

"कळतंय साहेब. त्यातल्या एकीत माजं मालक हुतं."

साहेब मग आपल्या माणसांवरच ओरडला, "चला, आवरा लवकर!"

ती रात्र कशी गेली हे मला विचारू नका. वीज नाही, फोन लागत नाही. कस्तुराबाई कंदील घेऊन बांधावर बसून होती. उशिरानं गाड्या सुटल्या. प्रत्येक गाडीकडे ती बघायची, जणू त्यातून कुणी निरोप टाकणार होतं. सकाळी रोहिदास परतला. आबा पोचले होते. पण पोचले तेव्हा ओठ निळे पडलेले. भारत कंपनीतून थेट तिकडं गेला होता. पुढचे काही दिवस त्यांच्या नाकातोंडात नळ्या होत्या. घरात त्या कुरडयांचं गाठोडं तसंच पडून राहिलं. ते कुणी सोडलं नाही, आणि शेवटी गाईपुढं टाकलं.

आबा परत आले, मित्रांनो. निम्मे होऊन आले, पण आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोठ्यासमोर बाज टाकायला लावली आणि भारतला हुकांची पिशवी काढायला सांगितली. दुपार शांत होती, बोलणं माझ्यापर्यंत येत होतं.

"तुमच्या जिवाशी म्या ख्येळले वं," कस्तुराबाई म्हणाली. "दगड म्या काढलं."

"दगड काढाया का हुईना, तू वर चढत हुतीस," आबा म्हणाले. "मी हुक घिऊन येकदा बी चढलो न्हाई."

ती रडली. भारतनं ड्रिल चालू केलं तेव्हा कुठं तिचा आवाज झाकला गेला. संध्याकाळपर्यंत गोठ्याचा एकेक पत्रा वाशाला आवळला गेला. माझ्या जागी नवीन पत्रा आला. मला त्याचा हेवा वाटत नाही. त्याला हुक आहेत.

राहिलो मी. कस्तुराबाई एकदा मला न्यायला आली होती. माझ्या कडा आता सुरीसारख्या झाल्यात. तिचं बोट कापलं. बोट चोखत तिनं इकडंतिकडं पाहिलं. "भारतला सुट्टी आसली की न्हिऊ," ती स्वतःशीच म्हणाली. मग बांधावरून एक दगड उचलून आणला आणि माझ्या अंगावर ठेवला.

"तवर," ती म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, म्हणून मी घाईत आहे. पश्चिमेला धूळ उठली आहे, उजेड पिवळा व्हायला लागलाय. आज आबांच्या पाळीचा दिवस आहे. केडगावात गाडीचा भोंगा आत्ताच वाजला. गोठ्यावर कस्तुराबाई पदर सावरत उभी आहे, तिची नजर रुळाकडे आहे, माझ्याकडे नाही. माझा एक कोपरा उचलायला लागलाय आणि दगड हळूहळू सरकतोय. मला हात असते तर मीच बाभळीला धरून बसलो असतो. तुम्हाला आहेत. तुमच्या छपरावर जे कुणी दगडाखाली पडलं असेल, त्याला आज बांधा. आणि कुणी इथून जवळ असाल, तर पळत या.