सतरा मीटर

माझ्या आतल्या गोल भिंतीवर चौदा वर्षांत शून्य पूर्णांक चार मिलिमीटर झीज झाली आहे. कडेला नख फिरवलं तर एक बारीक पायरी लागते, तेवढीच. पूर्ण एक मिलिमीटर झीज होईपर्यंत मला कामावर ठेवता येतं, म्हणजे माझं निम्म्याहून जास्त आयुष्य अजून शिल्लक आहे. तरीही गेल्या सोमवारी मी गॅरेजच्या फरशीवर उताणा पडलो होतो आणि माझ्या जागी बसणाऱ्या डिस्कचा कोरा खोका माझ्या शेजारी ठेवलेला होता.

मित्रांनो, मी एक जुना ड्रम ब्रेक आहे. मुलुंडच्या एका मोटारीच्या मागच्या डाव्या चाकात राहतो. मला बदलतील याची मला भीती नव्हती. लोखंडाला कधी ना कधी भट्टीत परतायचंच असतं. माझी भीती वेगळी होती. चूक माझी नव्हती. मला काढून नवी डिस्क बसवली की सगळे निर्धास्त होणार होते, आणि खरी चूक तशीच रस्त्यावर फिरत राहणार होती.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात वितळलेलं बिडाचं लोखंड ओतलं, थंड झाल्यावर लेथवर आतून गुळगुळीत कातलं, आणि मी तयार झालो. माझं काम सोपं आहे. पायाने ब्रेक दाबला की नळीतून तेलाचा दाब येतो, माझ्या पोटातले दोन लायनर बाहेर सरकतात आणि माझ्या भिंतीला घट्ट धरतात. चाक थांबतं. खरं तर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढच्या डिस्कच करतात, आम्ही मागचे दोघे हातभार लावतो. पण दाब आला आणि मी कामाला लागलो नाही, असं एकदाही झालेलं नाही.

गाडीच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. नोकरीत असताना ते एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासत. त्यामुळे ते स्वतःच्या मताआधी आकड्यावर विश्वास ठेवतात. दर दसऱ्याला ते गाडी धुतात, पत्नी जयंतीबाई झेंडूची माळ घालतात, आणि मग पेढा खाण्याआधी आमची परीक्षा होते. सोसायटीमागे एका बंद कारखान्याच्या भिंतीलगत सरळ, रिकामा रस्ता आहे. तिथे भाऊ खडूने आडवी रेघ मारतात. जयंतीबाई रेघेजवळ उभ्या राहतात. गाडी ताशी तीस किलोमीटर वेगाने येते, पुढचं चाक रेघेवर आलं की त्या हातातला रुमाल खाली करतात आणि भाऊ ब्रेक दाबतात. मग रेघेपासून पुढच्या चाकापर्यंत टेप धरला जातो. वहीत पहिल्या वर्षीचा आकडा आहे, अकरा मीटर. पुढेही बरीच वर्षं अकराच. भाऊ तेव्हा मागच्या चाकावर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास रे!" एवढं कौतुक मला पुरायचं.

मग जयंतीबाईंच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भाऊंनी त्यांना शब्द दिला, "तुला प्रत्येक वेळी मीच नेणार, मीच आणणार." तेव्हापासून मी ओझं नीट ओळखू लागलो. जाताना जयंतीबाई ताठ बसलेल्या, येताना मागच्या सीटवर एक थकलेला, डोळे मिटलेला देह.

आणि त्याच सुमारास दाब उशिरा येऊ लागला.

पूर्वी रुमाल खाली आल्यापासून दाब माझ्यापर्यंत येईतो माझं चाक साडेतीन फेरे घ्यायचं. मग पाच घेऊ लागलं. मग सहा. दाब आल्यावर मी पूर्वीइतकाच चोख थांबत होतो, पण तो पाठवणारा पाय लोखंडाचा नव्हता. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता.

वहीत मात्र हे नीट उतरलं नाही. तीन वर्षांपूर्वी चाक रेघेवर येण्याच्या थोडा आधीच रुमाल खाली आला. मला वाटलं, हात चुकला असेल. पुढच्या दसऱ्याला तो आणखी आधी आला. आकडा फक्त बारा-तेरापर्यंत गेला. भाऊ म्हणाले, "लायनर बदलायला हवेत." लायनर बदलले. मी आतून ओरडत होतो, पण ड्रमची ओरड म्हणजे नुसतं किरकिरणं. भाऊंनी ते ऐकून मला साफ करवून घेतलं.

जुलैमध्ये हॉस्पिटलच्या फाटकाशी वॉचमनची खुर्ची आमच्या पुढच्या बंपरखाली सापडली. वॉचमन नुकताच चहाला उठला होता. खुर्चीचा पाय मोडताना जो कट्ट आवाज झाला, तो अजून माझ्या अंगात आहे. दाब आल्याबरोबर मी सगळ्या ताकदीने चाक धरलं होतं, मित्रांनो. पण तो येईतोवर मी काय धरणार होतो?

यंदाच्या दसऱ्याला जयंतीबाईंना उभं राहवेना. रुमाल त्यांच्या मुलीच्या, गंधालीच्या हातात आला. तिने तो बरोबर रेघेवर खाली केला. टेप सतरा मीटरवर थांबला.

"एका वर्षात चार मीटर!" भाऊ हादरले. "ब्रेकची पार वाट लागली. मागे डिस्कच बसवतो."

"बाबा, ब्रेकचंच असेल कशावरून?" गंधालीने हळूच विचारलं.

"मग काय रस्ता लांबला?"

ती टेप गुंडाळू लागली. गेलं वर्षभर हा विषय ती इथेच सोडत आली होती.

म्हणून त्या सोमवारी मी फरशीवर होतो. मेकॅनिक दादू मालवणचा, भाऊंच्या ओळखीतला. त्याने मला उचललं, आत बोट फिरवलं, झीज मोजायचा व्हर्नियर लावला आणि मान हलवली.

"भाऊ, ह्याका काय झालेला नाय. अजून लाखभर किलोमीटर धावतलो."

"आकडा सतरा आहे, दादू. आकडा खोटं बोलत नाही."

"मग आकड्यालाच विचारू. डिस्कसाठी हब, केबल, सगळं उपटावं लागेल. त्याआधी ह्याला परत बसवतो आणि एकदा मी गाडी मारून बघतो. तुमचीच रेघ, तुमचाच रुमाल."

मला परत चाकात बसवलं. त्या एका तासात मी जेवढा घाबरलो, तेवढा भट्टीतही घाबरलो नव्हतो. दादूच्या पायाने मला खरं ठरवलं, तर भाऊंचं काय होईल? आणि खोटं ठरवलं आणि भाऊच गाडी चालवत राहिले, तर जयंतीबाईंचं काय होईल?

रेघेपाशी जयंतीबाई हट्टाने आल्या आणि घडीच्या खुर्चीवर बसल्या. दादूने गाडी आणली, गंधालीने रेघेवर रुमाल खाली केला. साडेतीन फेऱ्यांत दाब आला. मी चाक धरलं. टेप भाऊंनी स्वतः लावला, वाकून वाचला, आणि पुन्हा वाचला. अकरा.

"परत," ते म्हणाले. परत अकरा.

मग भाऊ स्वतः बसले. सतरा. पुन्हा एकदा. साडेसतरा.

मित्रांनो, एक विनंती करतो. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना वेळेवर तपासा, साफ करा, जपा. पण ज्यांच्या हातापायांवर आम्ही चालतो, त्या माणसांनाही तपासा. आणि माया म्हणून रुमाल आधी खाली करू नका. तुम्ही वाचवलेले चार मीटर वहीत वाचतात, रस्त्यावर नाही.

कारखान्याच्या भिंतीपाशी भाऊ गाडीतून उतरले. मग जयंतीबाई म्हणाल्या, "अहो, मी रुमाल आधी पाडत होते. तीन वर्षं."

"का?"

"आकडा वाढला की तुम्ही दोन-दोन दिवस जेवत नव्हता. आणि मला डायलिसिसला तुम्हीच न्यावं असं वाटायचं. ती खुर्ची मोडली तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"वॉचमन उठला नसता तर, बाबा?" गंधाली पुढे आली. "मी कामावर सकाळची पाळी मागून घेतलीय. दुपारी मी नेईन आईला. दोन महिने झाले मागून, तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."

भाऊ खाली बसले. मागच्या डाव्या चाकाला टेकून, अगदी माझ्याजवळ. खिशातून त्यांनी वही काढली, तीन वर्षांच्या आकड्यांवर एकेक काट मारली आणि खाली आजची तारीख घालून लिहिलं, सतरा.

"दादू, तो खोका परत पाठव," ते म्हणाले. मग खिशातली चावी काढून त्यांनी गंधालीच्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही. नजर जयंतीबाईंकडे होती.

"आजपासून गाडी मी चालवणार नाही. मी मागे बसेन, तुझ्याजवळ."